कपडे राखणारा तरुण

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या गावात एक तरुण जोडपे ख्रिस्ती झाले. भावकीने बोलणे टाकले आहे, शेताकडची वाट काट्या टाकून अडवली आहे, आणि रविवारी घरात प्रार्थना सुरू झाली की चार-पाच पोरे दारासमोर येऊन शिव्या देतात. शहरातल्या एका सभेत त्यांना सांगण्यात आले, 'विश्वासात स्थिर राहा, वैरी आपोआप वितळतील.' हे खरे आहे का? आणि स्थिर राहायचे म्हणजे रोज उठून नेमके करायचे काय?

त्या वाक्यातला 'आपोआप' आधी काढून टाका. उरलेल्यात तथ्य आहे, पण व्यासपीठावरून वाटते तितके ते सरळ नाही.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला दगडमार होतो. दगड मारणाऱ्यांपैकी किती जण बदलले याबद्दल तिथे एक ओळही नाही. त्या जमावातले नाव येते ते एकाचेच, आणि त्याने दगड उचलल्याचेही लिहिलेले नाही. इतरांनी काढून ठेवलेले कपडे राखत शौल, म्हणजे पुढचा प्रेषित पौल, उभा होता. त्यानंतरही तो विरघळला नाही. आठव्या अध्यायात तोच घराघरांत शिरून बायका-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकतो. दिमिष्काच्या वाटेवर तो बदलतो ते नवव्या अध्यायात. आणि स्तेफनाचा तो दिवस त्याच्या मनात रुतून राहिला होता हे आपल्याला कळते बाविसाव्यात, जेव्हा पौल स्वतः सांगतो की त्याचे रक्त सांडत असताना मी जवळ उभा होतो, मारणाऱ्यांचे कपडे राखत होतो.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. हलतो तो बहुधा कडेला उभा असलेला माणूस, पुढारी क्वचितच. आणि हलण्याआधी तो जास्त कडवा होऊ शकतो. छळ वाढला म्हणजे आपली साक्ष वाया गेली असे समजू नका. गेली नाही असेही समजू नका. बाहेरून ते दिसत नसते.

कडेचा माणूस पुढेही सापडत राहतो. इसवी सन २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला पर्पेतुआ, फेलिसिता या ख्रिस्ती बायकांना आणि त्यांच्या सोबत्यांना श्वापदांपुढे टाकले. प्रांताधिकारी हलला नाही, लोक हलले नाहीत. हलला तो तुरुंगावरचा पुदेन्स नावाचा शिपाईगडी, जो या कैद्यांना रोज पाहत होता. स्मुर्णा शहरात म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला धरायला शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना जेवायला वाढायला सांगितले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागितला. तो दोन तास प्रार्थना करत राहिला, आणि आलेल्यांपैकी काहींना अशा माणसाला धरायला आल्याचा पस्तावा झाला. तरी पॉलिकार्पला जाळलेच. शिपायांच्या मनाला लागले म्हणून शिक्षा टळली नाही. सभेत हा भाग गाळतात.

आता मुद्द्याचे: वैऱ्याला हलवते काय? नुसते दुःख हलवत नाही. माणूस दुसऱ्याचे दुःख रोज पाहतो आणि जेवून झोपतो. त्रास देणाऱ्याच्या हातात एक कारण असते, 'ही माणसे अशी का वागतात' याचे त्याने स्वतःला दिलेले उत्तर. ते उत्तर खोटे पडू लागले की त्याची झोप उडते. दुसऱ्या शतकातला, पुढे ख्रिस्ती झालेला जस्टिन लिहितो की ख्रिस्ती लोक दुराचारी आहेत असे तोही ऐकत होता. पण मरणाला न भिणारी माणसे पाहून त्याला वाटले, भोगविलासासाठी जगणारा माणूस मरण असे कवटाळील कसा? रोमी साम्राज्यातल्या बिथुनिया प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने साधारण ११२ साली काय चालते ते काढून घेण्यासाठी दोन सेविकांचा छळ केला. एकूण चौकशीत हाती लागले ते इतकेच: ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचे गीत गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. प्लिनीने याला अंधश्रद्धाच म्हटले. पण गुन्हा सापडला नाही, ते त्याला सम्राटाला लिहावे लागले.

कोल्हापुराकडे लोकांच्या हातातले कारण वेगळे आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, मागून शाळा आल्या, दवाखाने आले, मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. चांगलेच झाले. पण तेव्हापासून 'पैशासाठी बाटला', 'पोरांच्या शाळेसाठी गेला', 'फुकटच्या औषधासाठी गेला' हे उत्तर गावागावात तयार आहे, आणि कुठे कुठे ते खरेही होते. तुमच्या दारातल्या पोरांच्या डोक्यात तेच असणार. म्हणून तुमच्या स्थिरतेला आधी या उत्तराला खोटे पाडावे लागेल. तुम्ही किती मार खाल्ला हे त्यानंतरचे.

तर कामाला पैशापासून सुरुवात करा. बाहेरून, अगदी शहरातल्या मंडळीकडूनही (चर्चकडूनही), घरासाठी, गाडीसाठी, फीसाठी काही येत असेल तर पहिले वर्षभर तरी घेऊ नका. आजारपणासारखी वेळ आली आणि घेतलेच, तर वहीत तारीख, रक्कम, कोणाकडून, कशासाठी हे लिहा, आणि भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याने विचारले तर ती वही पुढे करा. घरच्या प्रार्थनेत दानपेटी ठेवायची असेल तर मोजणारे दोघे असावेत. बाप्तिस्म्याच्या दिवशी साडी, भांडी, धान्य, काहीही वाटू नये. आधीच्या आणि नंतरच्या महिन्यातही नको. बाप्तिस्म्याची घाईही नको. जुन्या मंडळीच्या शिस्तीत उमेदवाराला तीन वर्षे शिकावे लागे, आणि तो विधवांना मान देतो का, आजाऱ्यांना भेटतो का याची चौकशी होई. तीन महिन्यांत बाप्तिस्म्यांचा आकडा दाखवणाऱ्या पाळकाला (पास्टरला) हे रुचत नाही. पण विरोधकाच्या हातात कोलीत देणारा बहुतेक वेळा तोच असतो.

दुसरी तपासणी जास्त टोचणारी आहे. कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे विश्वासामुळे होणारा त्रास लिहा, उजवीकडे इतर कारणांमुळे होणारा. बांधाचा जुना वाद, वाटणीत राहिलेली विहीर, पाणीपाळी, साउंड बॉक्सचा आवाज, रस्त्यात आडव्या लावलेल्या दुचाकी हे सगळे उजवीकडे जाते. पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे: खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये. उजवीकडचा प्रत्येक मुद्दा आठवड्याभरात मिटवायला घ्या. बॉक्स बंद, टाळ्या-डफ हळू, दारे-खिडक्या नेहमीसारख्या उघड्या, म्हणजे आत काय चालते ते दिसेल. वेळ ठरलेली, दीड तासावर नाही. बाहेरगावच्या गाड्या गल्लीत नकोत. बांधाचा वाद असेल आणि चूक तुमची असेल तर ती आधी दुरुस्त करा. हे केल्यावर डावीकडे पुष्कळदा निम्म्यानेही उरत नाही. जे उरते तो खरा छळ, आणि त्याबद्दलच पुढचे.

गावच्या देवांबद्दल एक शब्दही वावगा नको, घरातल्या घरातसुद्धा नको, कारण घरातले पोर शाळेत बोलते. इफिसच्या दंगलीत पौलाच्या सोबत्यांना सोडवले ते शहराच्या लेखनिकाने, एका परक्याने. त्याचा मुद्दा काय होता? या माणसांनी देऊळ लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदा केलेली नाही. तुमच्याबद्दल असे म्हणू शकेल असा एक सरपंच, एक डेअरीचा सेक्रेटरी, एक तालमीचा वस्ताद गावात असला पाहिजे. तो तुमच्या उपदेशाने मिळत नाही. तुम्ही कोणाची निंदा करत नाही हे पाच वेळा पाहिल्यावर मिळतो.

भावकीशी वागण्यात सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडे थांबतो. नवा विश्वासी पूजेतून बाहेर पडतो ते समजण्यासारखे आहे. पण तो पूजेबरोबर कामातूनही बाहेर पडतो, आणि भावकीला लागते ते हे दुसरे. लग्नात अक्षता-विधीला उभे राहायचे नसेल तर आदल्या दिवशी मांडवाला, तांदूळ निवडायला, आचाऱ्याच्या हाताखाली पहिले तुम्ही असा. मयत झाली तर लाकडे, पाणी, पाहुण्यांना फोन, रात्रीची बैठक हे सगळे करा. पिंडाला हात लावणार नाही हे वडीलधाऱ्याला आधीच कानात सांगून ठेवा, घाटावर ऐनवेळी नको. म्हाईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, वर्गणीचे तसेच. वर्गणी मागायला आल्यावर 'आम्ही देत नाही' म्हणून दार लावणे हा सगळ्यांत वाईट मार्ग. वर्गणी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पंचांकडे जाऊन सांगा की पूजेसाठी देणे माझ्या मनाला पटत नाही, पण तेवढेच पैसे, जमले तर सव्वापट, पाण्याच्या टँकरला किंवा शाळेच्या दुरुस्तीला देतो, पावती गावाच्या नावाने फाडा. काही पंच रागावतील. पण 'पैसे वाचवायला धर्म बदलला' हे वाक्य तिथेच संपते.

प्रसादाबद्दल मंडळीमंडळीत मतभेद आहेत, आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय दोन्ही बाजू वापरतात. तुम्ही काय करणार ते घरात आधी ठरवा आणि नाकारायचे असेल तर हात जोडून एका वाक्यात नाकारा. भाषण नको. वहिनीच्या हातातले ताट जमिनीवर ठेवायला लावू नका.

शत्रूसाठी प्रार्थना करा असे सगळे सांगतात, कशी ते कोणी सांगत नाही. नाव घेऊन करा, रोज, एकट्याने. त्याच्या मुलाची परीक्षा, त्याच्या उसाची तोड, त्याच्या आईचा गुडघा, असे त्याच्या भल्याचे काहीतरी मागा. मोठ्याने, सभेत, त्याचे नाव घेऊन 'प्रभू याचे डोळे उघड' अशी प्रार्थना करू नका. ती त्याच्या कानावर जाते आणि शिवीसारखी लागते. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात भुकेल्या वैऱ्याला खायला दे असे आहे, तेही तितकेच ठोस आहे. पुराच्या वेळी याची परीक्षा होते. २०१९ च्या महापुरासारखी वेळ आली तर वाटपाची यादी तलाठी किंवा ग्रामपंचायतीकडून घ्या, मंडळीची वेगळी यादी नको. पिशवीत पत्रक नको, पिशवीवर नाव नको, वाटताना फोटो नको. शिव्या देणाऱ्याचे घर यादीत असेल तर तिथे पिशवी तुम्हीच न्या. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला सम्राट ज्युलियन आपल्या पुजाऱ्याला तक्रारवजा लिहितो की हे गालीली त्यांचे गरीब पोसतात आणि वर आपलेही पोसतात, आणि मग आपल्याच लोकांना तसे करायला सांगतो. तो ख्रिस्ती झाला नाही. पण हलला. हलण्याचे असेही प्रकार असतात.

त्याच काळाच्या थोडे आधीची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इजिप्तमध्ये जबरदस्तीने सैन्यात भरलेल्या पोरांना थेबेस शहरात कोंडून ठेवले होते. गावातले ख्रिस्ती लोक संध्याकाळी त्यांना जेवण आणून देत. त्यांतल्या एका पोराने विचारले, ही माणसे कोण? तो पाखोमियस, पुढे ज्याने एकत्र राहणाऱ्या संन्याशांचे पहिले मठ बांधले. जेवण देणाऱ्यांची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता कायदा. इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. काहींना वाटते तक्रार केली म्हणजे क्षमा केली नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय, फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाचा, पूर्ण वाचा. भूकंपाने दारे उघडली तरी पौल आणि त्याचा सोबती सीला पळाले नाहीत, कारण पळाले असते तर तुरुंगाधिकाऱ्याचा जीव गेला असता. त्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरादारासह विश्वास धरला. त्याच अध्यायात दुसऱ्या दिवशी 'गुपचूप निघून जा' असा निरोप आला तेव्हा पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. ते आले. क्षमा आणि हक्क एकाच पानावर आहेत. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये कुष्ठरोग्यांत काम करणारे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले, बारिपाद्याचे कुष्ठरोग्यांचे काम चालू ठेवले, आणि खटला रीतसर चालून शिक्षा झाली. त्यांनी खटल्याच्या आड येणे हा क्षमेचा भाग मानला नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर, शेताची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. ही मुदत लोक 'बघू, निवळेल' म्हणत घालवतात आणि मग दिवाणी कोर्टात वर्षे जातात. सातबारा, गटाचा नकाशा, काट्यांचे तारखेसह फोटो सोबत जोडा. अर्ज करण्याआधी एकदा वडीलधाऱ्यामार्फत भावाला कळवा की मी अर्ज करणार आहे. पाठीमागून नोटीस गेली की जखम दुप्पट होते.

मारहाण झाली तर क्रम असा: आधी ११२, मग सरकारी दवाखान्यात तपासणी (गावाकडचे ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर), मग ठाण्यात तक्रार. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. कायदेशीर रीतीने चाललेली प्रार्थनासभा मुद्दाम उधळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खालचा गुन्हा आहे. तक्रारीत जे घडले तेवढेच लिहा. चार पोरांचे चाळीस केलेत की तुमचे सगळेच खोटे ठरते, आणि त्या चौघांतल्या कडेच्याला ठाऊक असते की ते चारच होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियमही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो एकाच समुदायातल्या माणसांनी टाकलेल्या बहिष्काराबद्दल बोलतो. धर्म बदलल्यावर तुम्ही कोणत्या समुदायाचे, हा प्रश्न वकिलाला आधी विचारून मगच त्या वाटेला जा.

काय करू नये तेही सांगतो. मुद्दाम ओढवून घेऊ नका. पॉलिकार्पच्या मृत्यूचा वृत्तांत लिहिणाऱ्या मंडळीने क्विंतुस नावाच्या माणसाचेही नाव लिहून ठेवले: तो आपणहून पुढे झाला, इतरांनाही पुढे केले, आणि श्वापदे पाहताच भ्याला आणि मागितली ती शपथ घेऊन मोकळा झाला. मंडळीने तिथेच लिहिले की आपणहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाहवा करत नाही. आजचा क्विंतुस मोबाइलच्या स्टेटसवर 'आमच्यावर हल्ला' असा व्हिडिओ टाकतो, तो तालुकाभर फिरतो, आणि गल्लीतले भांडण दोन समाजांचे होते. पुरावा म्हणून चित्रण ठेवा. ते पोलिसांना आणि वकिलाला द्या, बस.

पळून जाणे हेही पाप नाही. एका नगरात छळ झाला तर दुसऱ्यात जा, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूने स्वतः सांगितले आहे. मुले घाबरून झोपत नसतील, पत्नीचे दिवस भरत आले असतील, तर दोन महिने माहेरी किंवा शहरात राहा. कुटुंबातल्या सगळ्यांची ताकद एक नसते, आणि नवऱ्याची हिंमत बायकोच्या खर्चाने चालू नये. कोणी दबावाखाली कागदावर सही केली, नारळ फोडला, तर त्याला मंडळीतून हाकलू नका. २५० च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळात हजारो ख्रिस्ती लोकांनी रोमी देवांना बळी दिल्याचे दाखले घेतले. नंतर त्यांना परत घ्यायचे का यावर मंडळी फुटायची वेळ आली. कार्थेजच्या सिप्रियनने पश्चात्तापाचा काळ ठेवून दार उघडे ठेवले. कायमचे बंद करा म्हणणारा नोवेशियन वेगळा झाला. खुद्द येशूचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारले होते हे विसरून चालत नाही.

आणि कधी कधी कोणीही हलत नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांबरोबर वधस्तंभावर गेले. राज्यकर्ते निवळले नाहीत. पुढच्या पन्नास वर्षांत तिथली मंडळी जवळजवळ पुसली गेली, जे उरले ते लपून राहिले, आणि १८६५ मध्ये पुन्हा उजेडात आले. अडीच शतके! उलट रोमचा गॅलेरियस, ज्याने छळाला सर्वांत जोर दिला होता, त्याने ३११ मध्ये मरणाच्या दारात फर्मान काढून छळ थांबवला आणि ख्रिस्ती लोकांना आपल्या व राज्याच्या क्षेमासाठी त्यांच्या देवाजवळ प्रार्थना करायला सांगितले. त्यात आजाराचा भाग किती, फसलेल्या धोरणाचा किती आणि स्थिर राहिलेल्यांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून 'अमुक केले की वैरी बदलेल' असा हिशेब मांडू नका. तो हिशेब समोरच्याला वास येऊन कळतो, आणि मग तुमचे जेवणही लाच वाटते.

घरातल्या माणसांचा काळ तर आणखी लांब असतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, मग अहमदनगरला आल्या तरी आपले सोवळे सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा स्वभाव तापट, तरी त्या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. तुमच्या आई-वडिलांना किमान तेवढी वर्षे द्या.

बदल येतो तो कसा दिसतो? आधी शिव्यांतले एखादे तोंड गप्प होते. मग तो पोरगा रविवारी येतो पण गाडीजवळच थांबतो. मग कधीतरी अवेळी निरोप येतो, 'उद्या येऊ नका त्या वाटेने'. किंवा त्याच्या घरी कोणी आजारी पडते आणि तो दुसऱ्याच्या तोंडून विचारतो, तुम्ही प्रार्थना करता म्हणे. असे झाले तर जा, दोन मिनिटे प्रार्थना करा, डॉक्टरांचे औषध चालू ठेवायला सांगा आणि चहा देतील तो घेऊन परत या. बरे वाटले तर 'आमच्या प्रार्थनेने' असे म्हणू नका. मंडळीत त्याचे नाव सांगू नका. तो पुढे स्वतःहून विचारायला आला तर उत्तर द्या, सौम्यपणे, जेवढे विचारले तेवढेच. साक्ष द्यायला त्याला सभेत उभा करायची घाई कोणी करत असेल तर त्या पाळकाला थांबवा. जुन्या सोबत्यांसमोर त्याला वैरी म्हणून ढकलण्याचा तो सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. त्याला त्याच्या तालमीत, त्याच्या घरात, त्याच्या कामावर राहू द्या. शेताची वाट मोकळी झाली तर काट्या कोणी उचलल्या हे विचारत बसू नका.